साहेब रुसले तर शेखभाई

शाळेतल्या मुलींच्या संडासाच्या दाराला कडी बसवण्यासाठी मी एकदा फाईल केली, ती त्या दारापेक्षा जाड झाली. दार पत्र्याचं होतं म्हणून हे जमलं, एवढं मान्य करते. त्या फायलीत ‘या प्रकल्पामुळे विस्थापित होणारी कुटुंबे’ असा एक रकाना होता, आणि तो कोरा सोडला म्हणून फाईल परत आली. मग आमच्या कार्यालयातले बांधकाम टेबलाचे लिपिक शेखभाई यांनी चष्मा पुसून तो भरला : ‘पाली, एक कुटुंब. पुनर्वसन शेजारच्या संडासात करण्यात येईल.’ मी तो कागद बदलायला लावला. पण ती कडी बसेपर्यंत त्या शाळेतल्या मुली एकमेकींच्या राखणीला दाराबाहेर उभ्या राहायच्या, आणि त्याचा राग मला अजून आहे.

मी गेवराईच्या पंचायत समितीत शाखा अभियंता होते. अभियंता म्हटलं की लोकांना धरणं आणि उड्डाणपूल दिसतात. आमच्या वाट्याला येते ती शाळेची गळकी खोली, अंगणवाडीचं कुंपण, स्मशानातलं शेड आणि ओढ्यावरचा नळकांडी पूल. नळकांडी पूल म्हणजे ओढ्यात सिमेंटच्या मोठ्या नळ्या आडव्या टाकायच्या आणि वर मुरूम-काँक्रीटची वाट करायची. खालून पाणी जातं, वरून माणसं जातात. बाहेरच्या माणसाला आमच्या कामाचं फार गूढ वाटतं, पण कुठलंही काम म्हणजे थोड्याशा प्रश्नांची उत्तरं असतात : काय करायचं, कुणी करायचं, कशानं करायचं, कधीपर्यंत, आणि नीट झालं का हे कुणी बघायचं. बाकीचे कागद म्हणजे या उत्तरांच्या अंगावर घातलेले कपडे. थंडीप्रमाणे घालावेत, एवढंच माझं म्हणणं असायचं.

अजिबात कपडे नसले तर काय होतं, तेही मी पाहिलं आहे. तलवाड्याकडच्या एका गावात सभेसाठी ओटा बांधायचा होता. मी तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होते. एवढ्याशा ओट्याला नकाशा कशाला, म्हणून तेव्हाच्या सरपंचांनी मिस्त्रीला मोटारसायकलवर बसल्या बसल्या जागा दाखवली. हात हँडलवर आणि तोंडात तंबाखूचा तोबरा, त्यामुळे जागा दाखवली ती हनुवटीनं. मिस्त्री कामाचा पक्का. त्यानं हनुवटीच्या रेषेत ओटा बांधला, तो नेमका एसटी वळायच्या जागेवर आला. तेव्हापासून त्या गावात एसटी मागं-मागं येते. ड्रायव्हर शिव्या देतो आणि गावकरी ओट्यावर बसून ऐकतात.

तर अशी माझी नोकरी चाललेली असताना आमच्याकडे नवे उपअभियंता बदलून आले. ते पुण्याला प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि येताना एक संच घेऊन आले होते. त्या संचात प्रकल्प आराखडा, जोखीम नोंद, हितसंबंधितांची बैठक, संवाद आराखडा, बदलाचा अर्ज आणि सगळ्यात शेवटी समारोप अहवाल असे कागद होते. तलाव असो नाहीतर कडी, सगळ्यांना तोच संच. कार्यालयात लोक त्यांना पाठीमागं ‘आराखडे साहेब’ म्हणायला लागले. माणूस मात्र सज्जन होता. कुणाचा चहासुद्धा फुकट घ्यायचा नाही.

मी एकदा धीर करून विचारलं, “साहेब, लहान कामाला लहान संच नाही का करता येणार?”

“मॅडम, काम लहान म्हणून शिस्त लहान करायची?” ते म्हणाले. “उद्या तुम्हीच म्हणाल, लहान पुलावरून पडलेला माणूस कमी पडतो.”

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. बाहेर आल्यावर शेखभाई हळूच म्हणाले, “मॅडम, ही हत्तीची झूल हाय. आपल्याकडं हाय शेळी. झूल घातल्यापासून शेळी दिसंनाच झालीय.”

याच शेळीची गोष्ट मला सांगायची आहे. वाडीचं नाव सांगत नाही, कारण तिथले दोन्ही पुढारी अजून धडधाकट आहेत आणि दोघंही दिवाळी अंक वाचतात, निदान स्वतःचं नाव आलंय का ते चाळून बघतात.

वाडीची एक वस्ती ओढ्याच्या पलीकडे आहे. ऊसतोडीला जाणारी घरं सगळी तिथंच. शाळा आणि डांबरी सडक अलीकडे. ओढा तसा किरकोळ, पण वर कालवा असल्यामुळे पाणी सोडलं की भर थंडीतही कमरेइतका वाहतो. जुनी वाट वाहून गेली होती. नळकांडी पूल मंजूर झाला होता, पण साहेबांचा संच पुरा झाल्याशिवाय कामाचा आदेश निघणार नव्हता.

मी जागा बघायला गेले तेव्हा ओढ्याकाठी चतुराबाई धुणं आपटत होती. ती आणि तिचा नवरा दरवर्षी ऊसतोडीला जायचे. शेजारी तिची मुलगी रूपाली, आठवीतली, कपडे पिळत होती.

“मॅडम, दसरा झाला की आमची टोळी निघती,” चतुराबाई म्हणाली. “पूल झाला तर पोरगी आजीपाशी ऱ्हाईल आन शाळा करंल. न्हाई झाला तर ती बी आमच्यासंगं फडात.”

“आजी आहे ना सांभाळायला?”

“आजीला नीट दिसंना. पानी सुटल्यावर हिला वड्यातून कोन न्यायचं? गेल्या साली माझ्या जावंचं पोरगं वाहून जाता जाता ऱ्हायलं. म्या पोरगी वड्याला द्यायाची न्हाई. हिच्या हातात कोयता बी द्यायाचा नव्हता मला. पर दोन्हीतलं एक निवडायची येळ आली तर कोयता देईन. जित्ती तर ऱ्हाईल.”

रूपालीनं हातातला कपडा पाण्यात फेकला आणि तरातरा निघून गेली.

“रुसली,” चतुराबाई शांतपणे म्हणाली. “रुसली की जेवत न्हाई. लई हट्टी हाय.”

मी परत येऊन शेखभाईंना म्हटलं, संच काढा, लगेच भरायला घेऊ. त्यातला पहिला अवघड कागद होता हितसंबंधितांची बैठक, आणि त्या बैठकीत भरायची जोखीम नोंद. शेखभाई आणि मी वाडीला गेलो. मारुतीच्या सभामंडपात माणसं जमली. एका खांबाला टेकून सरपंच बप्पा, समोरच्या खांबाला टेकून माजी सरपंच नाना. नानांच्या शेताचा बांध पुलाच्या तोंडाशी येत होता. दोघांचं गेल्या निवडणुकीपासून बोलणं बंद होतं, म्हणजे एकमेकांशी थेट बोलणं बंद होतं. दुसऱ्याकडं बघून पहिल्याला ऐकू जाईल असं ते दिवसभर बोलायचे.

“जोखीम म्हंजी काय वो मॅडम?” कुणीतरी विचारलं.

“काम कशानं अडेल ते.”

सगळा सभामंडप एकदम नानांकडे बघायला लागला. मला वाटलं आता भडका उडतो. पण नाना मिशीवर बोट फिरवून म्हणाले, “लिवा, लिवा. माझ्या बांधाला हात लागला तर काम अडंल. कावून खोटं बोलायचं?”

शेखभाईंनी सुंदर अक्षरात लिहिलं : जोखीम क्रमांक एक, नाना. नानांच्या बाजूचा एकजण लगेच म्हणाला, “मग सरपंचाचं बी लिवा.” शेखभाईंनी लिहिलं : जोखीम क्रमांक दोन, बप्पा.

बप्पा ताडकन उठले. “थांबा. नाना एक नंबरला आन मी दोन नंबरला?”

“बप्पा, ते आलेल्या क्रमानं लिहिलंय,” मी म्हटलं.

“क्रम कसाबी असू दे. गावचा सरपंच कोन हाय? माझ्या सहीबिगर ह्या गावात खडा हलत न्हाई, आन काम अडवायला नाना मोठा?”

नाना खांबाकडं बघून म्हणाले, “काही लोकांला काम अडवायला खुर्ची लागती. आमी बिगर खुर्चीचं अडवतो. मग मोठं कोन?”

मी आयुष्यात पुष्कळ वाद पाहिले, पण आपण मोठं संकट आहोत यासाठी भांडणारी दोन माणसं प्रथमच पाहत होते. मी सुचवलं, एक-अ आणि एक-ब करू. दोघांनी एकदमच विचारलं, “अ कोन?” वयाप्रमाणे लावू म्हटलं, तर बप्पा म्हणाले वयाचा इथं संबंध काय, ही काय पेन्शन हाय का. शेखभाईंनी दोघांची नावं एकाच ओळीत शेजारी शेजारी लिहायचा तोडगा काढला, तर डावीकडं कोण यावरून पुन्हा पेटलं. शेवटी बप्पांनी जाहीर केलं की एक नंबर मिळाल्याशिवाय सरपंचाची सही होणार नाही. नानांनी जाहीर केलं की मिळालेला एक नंबर ते जीव गेला तरी सोडणार नाहीत. दसरा जवळ येत होता, आणि चतुराबाई मागच्या भिंतीला टेकून हे सगळं डोळे मोठे करून बघत होती.

तेवढ्यात पुजाऱ्यानं येऊन सांगितलं की सभामंडप रिकामा करा, लग्नाची बैठक आहे. वाडीतली एक मुलगी, पदवी घेतलेली, गेवराईला एका दवाखान्यात कामाला. तिला आधी बघून पसंत करून गेलेले कपिलधारकडचे पाहुणे आले होते. आम्ही उठलो, पण जेवल्याशिवाय कोण जाऊ देतं. आम्हाला कोपऱ्यात बसवलं गेलं, आणि मी जे बघितलं त्यानं माझी पुढची सगळी नोकरी बदलली.

मुलीच्या बाजूनं मोठा माणूस म्हणून बसले बप्पा. पाहुणे नानांचे सोयरे निघाले, म्हणून मुलाच्या बाजूनं बसले नाना. मध्ये एक कागद. आमच्याकडे यादी करतात ती माहीत असेलच : लग्नात कुणी काय करायचं ते दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी बसून लिहायचं आणि खाली सह्या करायच्या. वर कुलदैवताचं नाव, कोपऱ्याला हळदीकुंकवाची बोटं. जेवण कुणाचं, कपडे कुणाचे, वाजंत्री कुणाची. मघाशी क्रमांकावरून जीव द्यायला निघालेली ही दोन माणसं आता एकमेकांकडे थेट बघून, आवाज न चढवता, एकेक ओळ पुढं सरकवत होती.

“पोराचा मामा रुसतो बरं का,” नाना म्हणाले. “त्याचं बी लिवून ठिवा. कोन काढंल रुसवा?”

“म्या हाय की,” बप्पा म्हणाले. “लिवा. मामा रुसले तर सरपंच.”

मामा स्वतः तिथंच बसले होते. त्यांना राग यावा की नाही? उलट समजूत काढायला खुद्द सरपंच नेमल्यामुळे त्यांची मान ताठ झाली. त्यांनी बाजूच्याला कोपरानं ढोसून तो कागद दाखवला.

यादी संपली तसं कुणीतरी म्हणालं, दोन्हीकडची माणसं हायतच, भटजी बी हाय, मग यादीपे शादी करून टाकू. म्हणजे यादी झाली त्याच बैठकीत लग्न. आमच्या भागात हे नवं नाही. मुलगी आणि मुलगा दोघांना विचारलं, दोघं हसले. बायका हळद कुटायला पळाल्या, कुणी गेवराईहून शालू आणायला गाडी काढली, आणि दिवस मावळायच्या आत अक्षता पडल्या. एक अख्खा संसार उभा राहिला एका पानावर, आणि माझा पूल अडला होता जोखीम क्रमांक एकवर.

मी जेवणाच्या पंगतीत बप्पा आणि नानांच्या मध्ये जाऊन बसले. हातातला बुंदीचा घास तसाच ठेवून म्हटलं, “पुलाचीही यादीच करू ना. शासन एक पक्ष, गाव एक पक्ष.”

दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. वाढायला फिरणारी चतुराबाई तिथंच थांबली. “आमचं बी उरकून घ्या की याच मांडवात,” ती म्हणाली. “मांडव पुन्हा कोन घालतंय?”

मग शेखभाईंनी ताट बाजूला सारून एक कोरा कागद घेतला. नळ्या आणि सिमेंट शासनाकडून. दगड आणि मुरूम गावाकडून, ट्रॅक्टर बप्पांचा. वाटेसाठी बांधाचा कोपरा नानांचा. मिस्त्री कोण, पाणी कोण मारणार, दसऱ्याच्या आत काय-काय व्हायला हवं. हे सगळं लिहून झाल्यावर मी म्हटलं, “आता रुसव्याचं लिहा.”

नाना म्हणाले, “बप्पा रुसले तर मी काढीन.” बप्पा म्हणाले, “मग नाना रुसला तर मी.” नंबराचं नावही कुणी काढलं नाही. “मॅडम रुसल्या तर?” कुणीतरी विचारलं, आणि चतुराबाई म्हणाली, “म्या हाय.” सगळे हसले, पण शेखभाईंनी तेही लिहिलं. शेवटी नानांनी विचारलं, “आन तुमचे ते साहेब रुसले तर?”

सगळ्यांनी एकदम शेखभाईंकडे बघितलं.

“माझं नाव कावून?” शेखभाई म्हणाले. “मी तर फक्त लिवनार हाय!”

पण लिहिता हात थांबला तर तो लिपिक कसला. त्यांनी स्वतःच्याच सुंदर अक्षरात लिहिलं : साहेब रुसले तर शेखभाई. खाली सगळ्यांच्या सह्या झाल्या, आणि चतुराबाईनं कोपऱ्याला हळदीकुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. कोरा संच शेजारी ठेवला. साहेबांनी कागदावरचं हळदीकुंकू बघितलं आणि जीपची चावी मागितली.

वाडीत ओढ्याकाठी सगळे जमले. साहेबांनी उभ्या उभ्या यादी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. नळ्या. दगड. मुरूम. बांध. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि कागदाच्या खालच्या टोकाकडेही बघत होते. “बप्पा रुसले तर नाना,” त्यांनी वाचलं. “नाना रुसले तर बप्पा. मॅडम रुसल्या तर चतुराबाई. साहेब रुसले तर…” ते थांबले.

“शेखभाई,” साहेब म्हणाले, “काढा मग माझा रुसवा.”

शेखभाई पुढं आले. घाबरले होते, पण हुद्द्याला जागले. “साहेब, आधी तुमी रुसा तरी. न रुसलेल्या मानसाचा रुसवा कसा काढायचा?”

साहेब हसले. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मग एका दगडावर बसून ते म्हणाले, “मॅडम, मी नोकरीला लागलो त्या वर्षी एका टाकीचा स्लॅब पडला. खाली माणसं होती. चौकशीत विचारलं, लाकडी आधार कुणी तपासले होते? मला वाटलं होतं मिस्त्रीनं, मिस्त्रीला वाटलं होतं मी. तेव्हापासून मी कागद मागतो. तुमच्या यादीत सगळं आहे, फक्त तेवढं नाही.”

आम्ही सगळ्यांनी यादी पुन्हा बघितली. खरंच नव्हतं. लग्नात नवरा-नवरी तपासायचा रकाना नसतो, म्हणून आमच्याही ध्यानात आलं नव्हतं. साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि स्वतः एक ओळ लिहिली : नळ्यांखालचा थर तपासणार, मी. खाली सही केली. कामाचा आदेश त्याच दिवशी निघाला.

काम सुरू झालं. थर घातल्यावर, नळ्या उतरवायच्या आधी, साहेब लिहिल्याप्रमाणे आले. त्यांनी यंत्र-बिंत्र काढलं नाही, बादलीभर पाणी मागवलं आणि थरावर ओतलं. पाणी पुढं जायच्या ऐवजी त्यांच्याच बुटावर परत आलं. उतार उलटा झाला होता. कालव्याचं पाणी पहिल्यांदा सुटताच नळ्यांत तुंबून पूल गेला असता. साहेब म्हणाले, फोडा. मिस्त्री बप्पांचा माणूस, त्यामुळे बप्पा रुसून ट्रॅक्टर घेऊन घरी गेले. सगळ्यांनी नानांकडे बघितलं. नाना धोतर झटकून उठले, शिव्या देत बप्पांच्या घराकडे चालू लागले, आणि बऱ्याच वेळानं त्याच ट्रॅक्टरवर बसून परत आले. आत काय बोलणं झालं ते दोघांनी कधी सांगितलं नाही. पुढं वाटेसाठी बांध जरा जास्त उकरला गेला तेव्हा नाना रुसले, आणि बप्पांना जावं लागलं. मला तर शंका आहे की चहासाठी म्हणून ते आलटून पालटून रुसायला लागले होते.

थर फोडून पुन्हा घालण्यात दिवस गेले होते. दसरा झाला, टोळीचा ट्रक सडकेवर येऊन उभा राहिला, तेव्हा काँक्रीट पक्कं होण्यासाठी पुलावर गोणपाटं भिजत पडली होती. गाडी चालण्याजोगा तो झाला नव्हता, पायी जाण्याजोगा झाला होता. त्यामुळे त्या पुलावरून पहिल्यांदा गेली ती गाव सोडून जाणारी माणसं. डोक्यावर बोचकी, हातात कोयते, कडेवर लेकरं. रूपाली आईचा तवा आणि परात घेऊन सडकेपर्यंत आली. तिनं सामान ट्रकमध्ये टाकलं, आईकडे बघितलं नाही, आणि पाठ फिरवून पुलावरून एकटीच परत निघाली. मला रडू आलं. ती सुखरूप गावातच राहावी म्हणून सगळा खटाटोप केला होता, आणि आता तिला एकटीला परत जाताना बघवेना.

चतुराबाई ट्रकमधून खाली उतरली. “मॅडम, ती यादी हाय का जवळ?”

यादी माझ्या पिशवीतच होती.

“एक वळ लिवा. रूपाली रुसली तर मॅडम.”

मी लिहिलं आणि सही केली.

पुढं साहेबांनी बदलून जाण्याआधी लहान कामांसाठी एका पानाची यादी लागू केली. त्यात तपासणीची ओळ ठळक होती. रुसव्याच्या रकान्याचं सरकारी भाषेत ‘संभाव्य अडचणी व समन्वयक’ असं झालं, आणि लोकांनी तो पुन्हा कोरा सोडायला सुरुवात केली. मी निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या दिवशी शेखभाई कानात म्हणाले, “मॅडम, वाडीच्या पुलाचा समारोप अहवाल राहिलाय तुमचा.” मी म्हटलं, त्यातली एक ओळ अजून चालू आहे. कारण दर हंगामात मी वाडीला जायची. रूपाली दहावीला रुसली, बारावीला रुसली, वसतिगृहातल्या डाळीवरून रुसली. प्रत्येक वेळी चतुराबाईचा फोन यायचा. आता रूपाली बीडला एका दवाखान्यात परिचारिका आहे आणि तिच्या पगारावर घराला पत्रे पडलेत.

यंदा दसरा झाल्यावर फोन आला. “मॅडम, पोरगी सुट्टी काढून आलीय आन सकाळपासून जेवली न्हाई. यादीत तुमचं नाव हाय. या.”

मी गेले. घराच्या ओट्यावर चतुराबाईचा नवरा गुडघे जवळ घेऊन बसला होता. आत बोचकी बांधून तयार होती, वर दोन कोयते. रूपाली भिंतीकडे तोंड करून बसली होती.

“ती म्हनती आता कोयता टाक, मी कमावती,” चतुराबाई म्हणाली. “म्या म्हनलं, आजूक एक साल. मुकादमाला शब्द दिलाय. समजवा हिला.”

मी चतुराबाईच्या घट्टे पडलेल्या हातांकडे बघितलं. मग चपला काढल्या, आत गेले आणि रूपालीच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून बसले.

“मॅडम, हे काय वो?” चतुराबाई म्हणाली.

“मी पण रुसले,” मी म्हटलं. “जेवणार नाही.”

“तुमी तर समजवायला आल्या ना?”

“त्याच यादीत आणखी एक ओळ आहे. मॅडम रुसल्या तर चतुराबाई.”

शेजारी रूपालीचे खांदे हलायला लागले. रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही, मी वळून बघितलं नाही. मागून उंबऱ्यातून चतुराबाईचा आवाज आला.

“म्हंजी आता दोघींला मीच समजवायचं व्हय?”

“यादीत तसंच लिहिलंय.”

“मला बी भूक लागलीय,” ओट्यावरून तिचा नवरा म्हणाला.

मग पाठीमागं गाठ सुटल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं, तर चतुराबाईनं बांधलेलं बोचकं सोडलं होतं, आणि त्यातला तवा काढून ती चुलीवर ठेवत होती.